हाताने आवळलेला नट

दसऱ्याच्या दिवशी दुपारी फोन वाजला की अजूनही मी तो लगेच उचलत नाही. गॅरेज बंद करून चार वर्षं झाली. आता मला कोणी गाडी बिघडली म्हणून फोन करत नाही. सोनं द्यायला येतो, घरी आहात का, एवढंच विचारायला लोक फोन करतात. तरी मी तीन-चार वेळा घंटी वाजू देतो, घोटभर पाणी पितो आणि मग उचलतो. बायको म्हणते, "एवढं भेव लागते तं बंद ठेवत जा नं थो फोन." पण बंद ठेवायची मला त्याहून जास्त भीती वाटते.

संपादकांनी गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं होतं. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण चाळीस वर्षांच्या मिस्त्रीकामातून रात्री डोळ्यांपुढे काय येतं म्हणाल तर गंमत येत नाही. एका छोट्या पांढऱ्या गाडीचं क्लचचं पेडल येतं.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातला. वडील भिक्षुकी करायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. घरात पोथ्यांची कपाटं होती, पण मला मंत्रांआधी मोटारींचे आवाज पाठ झाले. सतराव्या वर्षी मोर्णेच्या पुलाजवळ हमीद उस्तादांच्या गॅरेजात लागलो. उस्ताद मला पंडित म्हणायचे आणि ते नाव जन्माला चिकटलं. पुढे अमरावतीला स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा पाटीवरही तेच लिहिलं. आबा उद्घाटनाला आले, पाटी वाचली आणि म्हणाले, "शेवटी पंडित झालास, पण गाडीखाली." म्हणताना ते हसले नव्हते.

आता क्लच म्हणजे काय ते सांगतो, कारण रोज शंभरदा दाबणाऱ्यालाही आपण काय दाबतो ते ठाऊक नसतं. इंजिन एकदा सुरू झालं की फिरतच राहतं. चाकांना मात्र मधूनमधून थांबावं लागतं. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांची घडीभर फारकत करून द्यायची, हे क्लचचं काम. पेडल दाबलं की फारकत, सोडलं की पुन्हा संसार सुरू. जुन्या छोट्या गाड्यांत पायाचा हा निरोप गिअरबॉक्सपर्यंत एक पोलादी केबल पोचवते. सायकलच्या ब्रेकला असते तशीच, जरा जाड, एकोणीस बारीक तारा पिळून केलेली. ती तुटली की पेडल पायाखालून थेट जमिनीला टेकतं. अंधारात जिना संपला नाही असं समजून आपण आणखी एक पायरी उतरायला जातो, तेव्हा काळजात कसं होतं, तसं होतं.

पण केबल एकदम तुटत नाही. पेडलाच्या आकड्यापाशी आधी एक तार झिजून तुटते, मग दुसरी, मग तिसरी. तारा तुटत जातात तशी केबल थोडी लांबते, पेडल खाली जायला लागतं, गिअर टाकताना कुरकुर होते. गिऱ्हाईक येतं. मिस्त्री बॉनेट उघडतो, केबलच्या दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सपाशी एक नट असतो तो चार-सहा फेरे आवळतो. पेडल वर येतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. दोन मिनिटांचं काम, पानादेखील लागत नाही, बोटांनी होतं. यात ताप उतरतो, आजार तसाच राहतो. म्हणून उस्तादांचा नियम होता की एकदा आवळा, पण तीच गाडी तीच तक्रार घेऊन पुन्हा आली तर केबल काढून डोळ्यांनी पाहा.

त्यांचा दुसरा नियम असा, की पेडल कधी पायाने तपासायचं नाही. "पंडित, पाँव झूठा है," ते म्हणायचे, "जूता पहनता है. हाथ से पूछ." गाडीच्या दारात गुडघे टेकायचे, डोकं आत घालायचं आणि तळहाताने पेडल हळूहळू खाली न्यायचं. केबल धड असेल तर ते सरळ जातं. तारा तुटल्या असतील तर त्यांची टोकं आतल्या आत घासतात आणि भाकरीत खडा लागावा तसं हाताला काहीतरी लागतं. पायाला ते कळत नाही. हाताला हमखास कळतं.

कबूल केल्याप्रमाणे एक गंमत सांगतो. दर्यापूरचे एक वकीलसाहेब नवी घेतलेली जुनी गाडी घेऊन आले. क्लच अर्धाच दाबला जातो, विकणाऱ्याने फसवलं, अशी तक्रार. विकणाऱ्याला द्यायची नोटीसही टाइप करून आणली होती आणि मी त्यात मिस्त्री म्हणून काय लिहून द्यायचं याचा मसुदाही. मी हात घातला तर पेडलच्या मागे नारळाची अर्धी कवड अडकलेली. गाडी घरी आणली त्या दिवशी पूजेला फोडलेला नारळ सीटखालून घरंगळत तिथे जाऊन बसला होता. खोबरं वाळून त्याला मुंग्या लागल्या होत्या. वकीलसाहेबांनी नोटिशीची घडी घातली आणि म्हणाले, "मिस्त्री, हे बाररूमपर्यंत जाऊ देऊ नका." मी आजवर जाऊ दिलं नव्हतं.

असं हसणं झालं की बरं वाटतं. आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

आमच्या धंद्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पाने, पकडी, हातोडे, जॅक, सगळं घासलेटने धुऊन, पुसून, पाटावर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडूची फुलं वाहायची. मग दसरा पार पडून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. अकोल्याला हमीद उस्ताद या पूजेला स्वतः आबांना बोलवायचे. पहिल्याच वर्षी दसऱ्याला मी सवयीने एक पाना उचलायला गेलो, तर उस्तादांनी माझं मनगट धरलं. "औजार सोया है पंडित. मत जगा." आणि मग त्यांच्या तरुणपणी दसऱ्याला छिन्नी उचललेल्या एका कारागिराची गोष्ट सांगितली. संध्याकाळपर्यंत त्याचं एक बोट गेलं होतं. ती गोष्ट खरी की मला घाबरवायला रचलेली, मला माहीत नाही. पण सतराव्या वर्षी बसलेली भीती म्हातारपणीही उतरत नाही. त्यानंतर एकाही दसऱ्याला मी हत्यार उचललं नव्हतं.

आमच्या गॅरेजपासून दोन गल्ल्यांवर गावंडे गुरुजी राहायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या साठीत, गाडी शिकलेले. त्यांची गाडी जुनी, छोटी, पांढरी, जिवापाड जपलेली. सीटवर त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी विणलेली कव्हरं. त्या वर्षी उन्हाळ्यात वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. घरात त्या वॉकर धरून चालायच्या. गाडीत बसणं आणि गाडीतून उतरणं हा एक सोहळाच असायचा. आधी पाय बाहेर, मग दाराला धरायचं, मग गुरुजींनी काखेत हात घालायचा.

श्रावणात गुरुजी आले होते. पेडल खाली जातं म्हणाले. मी नट आवळला. गणपतीत पुन्हा आले, तीच तक्रार. त्या दिवशी गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. नियम मला पाठ होता, पण मी पुन्हा नटच आवळला आणि "सवडीनं या, केबल पाहू," असं म्हटलं. सवड त्यांच्यापेक्षा मलाच नव्हती.

दसऱ्याला सकाळी मी दिवा लावायला म्हणून गॅरेज उघडलं होतं. लोक गाड्यांना हार घालून आणतात, मी नारळ वाढवतो, एवढंच त्या दिवशीचं काम. दहाच्या सुमाराला गुरुजींची गाडी आली. वहिनी पुढच्या सीटवर, मांडीवर सोन्याची पिशवी.

"चांदूर रेल्वेले चाललो मिस्त्री," गुरुजी म्हणाले. "हिच्या भावाकडं. पण पेडल मले खाली गेल्यावानी वाटून राह्यलं. पाहा बरं जरासं."

मी गुरुजींना उतरवलं, दारात गुडघे टेकले आणि पेडलवर तळहात ठेवून ते खाली नेलं. अर्ध्यावर हाताला खडा लागला. सोडून पुन्हा दाबलं. दोन ठिकाणी लागला.

मला कळलं होतं. हे मी आज इथे पहिल्यांदा लिहितो आहे. शंका आली वगैरे काही नव्हतं, मला स्वच्छ कळलं होतं की या केबलचे दिवस भरले आहेत. नवी केबल माझ्यापासून सहा हातांवर होती. पण ती पाटावर होती, वेटोळं करून ठेवलेली, वर झेंडूचं फूल. मालही आम्ही पूजेत मांडतो. दहाचा पाना, बाराचा पाना तिच्या शेजारी कुंकू लावून झोपलेले. चाळीस मिनिटांचं काम होतं. मी पाटाकडे पाहिलं आणि माझं मनगट कोणीतरी धरल्यासारखं झालं.

नाही करता आलं तर नाही म्हणायला हवं होतं. "गुरुजी, आज गाडी नेऊ नका, बसनं जा," एवढं एक वाक्य. पण वहिनी बसमध्ये चढू शकत नव्हत्या आणि नवी साडी नेसून बसल्या होत्या. मी बॉनेट उघडलं आणि बोटांनी नट फिरवला. सात फेरे बसले. इतके फेरे बसतात तेव्हा तो नट काय सांगत असतो, हे मला ठाऊक होतं.

"झालं," मी म्हटलं. "आता आरामात जा. उद्या गाडी आणजा मात्र, केबल बदलून टाकू."

गुरुजींनी मला सोनं दिलं, गावात दोन-चार घरी सोनं देऊन पुढे निघू म्हणाले, मी नमस्कार केला आणि गाडी गेली.

साडेबाराला जेवायला बसलो तोच फोन वाजला.

"मिस्त्री," गुरुजींचा आवाज फार बारीक झाला होता, "पेडल खाली गेलं. वर येतच नाई. गाडी बंद पडली."

"कुठी हाये तुमी?"

"फाटकात."

"फाटकाच्या अलीकडं का पलीकडं?"

"मधात."

चांदूरच्या अलीकडे आतल्या रस्त्याला रेल्वेचं फाटक लागतं, तिथे दोन रूळ आहेत. पहिला रूळ ओलांडून दुसऱ्यावर चढताना गुरुजींनी गाडी हळू केली, क्लच दाबला, आणि केबल तुटली. गाडीने आचका दिला आणि दुसऱ्या रुळावर बंद पडली.

इथे मी काय बोललो तेही लिहितो. "गिअर कोणता हाये?" गाडी रुळावर आहे हे कळल्यावरचं माझं पहिलं वाक्य हे होतं. माणसांचं विचारायच्या आधी मी गिअरचं विचारलं.

"पह्यला. दांडा हालून नाई राह्यला."

आचका देऊन बंद पडलेल्या गाडीचा गिअर असा अडकून बसतो. दोघा-तिघांनी गाडी मागेपुढे हलवली तर सुटतो. पण सणाची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात फोनमधून लांबवर इंजिनाची शिटी ऐकू आली. मालगाडीची असते तशी, लांबलचक. आणि कोणीतरी ओरडत होतं, "बाईले उतरवा, आधी बाईले उतरवा." तो फाटकावरचा गेटमन होता. त्याला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं.

"गुरुजी, वहिनीले उतरवा," मी ओरडलो.

उत्तर वहिनींनी दिलं. "मले उतराले पाच मिनटं लागतात, मिस्त्रीभाऊ. तुमी गाडीचं सांगा."

बायको ताटावरून उठून माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मी स्वतःला म्हटलं, आता आवाज कापला तर तिकडे गुरुजींचा हात कापेल.

"वहिनी, फोन तुमीच धरा, स्पीकर लावा. गुरुजी, आता मी म्हणीन थेच करा. दोन्ही पाय वर घ्या. क्लच नाई, ब्रेक नाई. हँडब्रेक खाली करा. पह्यला गिअर हाये थो राहू द्या. आता चावी फिरवा अन धरून ठेवा. गाडी झटके देईन, देऊ द्या. चावी सोडू नका."

"अहो पण गाडी बंद हाये."

"बंदच चालते गुरुजी. स्टार्टर ओढते तिले. इंजिन लागलं तं आपोआप पळन, ब्रेक मारू नका. फाटकाच्या पार गेलं की चावी बंद करा."

वाचकांना सांगतो, यात जादू नाही. इंजिन सुरू करायला बॅटरीवर चालणारी एक छोटी मोटर असते, तोच स्टार्टर. गिअरमध्ये असताना चावी फिरवली तर ती मोटर इंजिनाबरोबर अख्खी गाडीही ढकलते, माणूस चालेल त्याहून हळू. नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर लागतच नाही, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. आणि बॅटरीत जोर हवा. गुरुजींची बॅटरी जुनी होती. श्रावणात मीच ती पाहून म्हणालो होतो, की हे वर्ष निघून जाईल. त्या क्षणी मला ते वाक्य आठवलं.

फोनमधून आवाज आला. घर्र. मग थांबला.

"सोडू नका गुरुजी," मी म्हटलं. "धरून ठेवा."

घर्र, घर्र, घर्र. प्रत्येक घर्र आधीच्याहून दमलेली. मधूनच शिटी. वहिनी हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होत्या, देवाचं असावं. मग मोठा आदळल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला.

मी लावला, घंटी गेली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा लावला. अंगणात मी उभा होतो, ऊन होतं, शेजारी कोणीतरी टीव्हीवर गाणी लावली होती. मी आयुष्यात बरीच भीती पाहिली आहे. जॅक सरकून गाडी छातीवर येता येता राहिली होती, एकदा पेट्रोलने हात पेटला होता. ती भीती अंगावर येते आणि जाते. ही जात नव्हती. माझ्या उजव्या हाताच्या तळव्याला तो सकाळचा खडा अजून लागत होता. मी तळवा पायजम्याला पुसत होतो आणि पुन्हा पुन्हा फोन लावत होतो.

नंतर फोनवर पाहिलं तर ती सारी मिळून चार मिनिटं होती. मग फोन वाजला.

"झालो पार," वहिनी म्हणाल्या. "झटक्यानं फोन खाली पडला होता, सापडून नोयता राह्यला. हे खाली बसले हायेत रस्त्यावर. तुमी या."

मी गॅरेज उघडलं, पाटापाशी गेलो, दहाचा आणि बाराचा पाना उचलला, झेंडूचं फूल बाजूला करून केबल उचलली. हात जोडायचंही सुचलं नाही. मोटरसायकलवर तिथे पोचेपर्यंत कुंकू घामाने तळहातावर उतरलं होतं.

गुरुजी लिंबाखाली गेटमनने दिलेल्या बाजेवर बसले होते. वहिनी गाडीतच होत्या. गेटमनने मला एक गोष्ट सांगितली. फाटक उघडं असलं की गाडीला सिग्नलच मिळत नाही. ती मालगाडी लांब सिग्नलला उभी राहून शिट्या मारत होती, आली नसती. "पण भेव तं लागते नं बावा," तो म्हणाला. "मले सारं माहीत असून लागलं." मी मान हलवली. त्यांना काही होणार नव्हतं हे त्या चार मिनिटांत मला ठाऊक नव्हतं. आणि दहा वाजता नट फिरवताना तर मी रेल्वेच्या सिग्नलवर विसंबलो नव्हतो.

मी दारात आडवा झालो आणि तुटलेली केबल काढली. तुटलेल्या तारेचं टोक पाहून ती कधी तुटली ते सांगता येतं. जुनं टोक काळं पडतं. ताजं चकाकतं. मी उन्हात धरून मोजली. एकोणीस तारांपैकी पंधरा टोकं काळी होती. चार चकाकत होती. म्हणजे त्या दोन जिवांना मी चार तारांवर पाठवलं होतं.

गुरुजी उठून जवळ आले. "काय झालं होतं मिस्त्री?"

"केबल तुटली गुरुजी. जुनी होती."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. मी केबल गुंडाळून खिशात घातली, नवी बसवली, आणि ते दोघं संध्याकाळच्या आत वहिनींच्या भावाकडे पोचले.

पुढे गुरुजींनी काय केलं असेल? गावभर सांगत सुटले. पंडित मिस्त्रीनं फोनवरून गाडी रुळावरून काढली, मिस्त्री होता म्हणून वाचलो. लग्नात सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं. लोक गॅरेजात येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचे. प्रत्येक थापेला मी खाली मान घालून हसायचो आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. मला भीती एकच होती. एखाद्या दिवशी एखादा जाणकार गुरुजींना विचारेल, की गाडी निघायच्या आधी मिस्त्रीनं पेडल हाताने पाहिलं नव्हतं का? वर्षभर मी त्या प्रश्नाची वाट पाहिली. तो आला नाही. तुटलेली केबल मी ड्रॉवरच्या तळाशी जुन्या कापडात बांधून ठेवली. फेकायचीही हिंमत झाली नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी हत्यारं मांडली, पण दहाचा आणि बाराचा पाना आणि एक क्लच केबल पाटावर ठेवली नाही. दाराजवळ खिळ्याला टांगली. शेजारच्या दुकानदाराने विचारलं तर विसरलो म्हणून सांगितलं.

दसऱ्याला सकाळी तीच पांढरी गाडी आली. "आधी मिस्त्रीले सोनं, मग बाकीच्याईले," असं म्हणत गुरुजी पूजा पाहायला आत गेले. वहिनी गाडीतच बसल्या होत्या. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी दाराशी वाकलो. आज सांगून टाकावं असं ठरवलं होतं.

"वहिनी, मागच्या दसऱ्याले सकाळी..."

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "तुमी वाकून पेडल दाबलं तवा तुमचं तोंड माह्या गुडघ्यापाशीच होतं. उतरलं थे दिसलं मले."

"मग बोलल्या काहून नाई?"

त्यांनी पिशवीतली पानं उगाच सारखी केली. "भाऊ माहा अंथरुणावर होता. मनात म्हटलं, मिस्त्री बोलला तं जाणं राह्यलं आपलं. नोको बोलू बावा, नोको बोलू, असं म्हणून राह्यली होती मी. तुमी नाई बोलले. मले बरं वाटलं." जराशा थांबून म्हणाल्या, "दिवाळीच्या आत गेला थो."

हे ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही. एवढंच कळलं, की त्या सकाळी त्या गाडीत भिणारा मी एकटा नव्हतो.

त्यांनी माझ्या हातावर सोनं ठेवलं. मग हळूहळू, दोन्ही हातांनी धरून, आपले गुडघे बाजूला घेतले.

"यंदाबी पाहा दाबून," त्या म्हणाल्या.

मी पलीकडच्या दाराने आलो, गुडघे टेकले आणि तळहात पेडलवर ठेवला. हळूहळू खाली नेलं, वर आणलं, पुन्हा नेलं. वर्षाचीच केबल होती, सरळ गेली.

"काय लागलं?"

"काई नाई वहिनी. एकदम साफ हाये."

पण त्या माझं उत्तर ऐकत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.